मक्यातली वाट

मी मोबाईलच्या रेंजवर संशोधन करत होतो. लहरी टॉवरवरून निघाल्यावर कुठे अडतात, कुठे वळतात, कुठे नांगी टाकतात, हे बघत अँटेना आणि मीटर घेऊन जिल्हाभर हिंडायचो. लासूर स्टेशनला लोक मला केबलवाला समजले, मुकुंदवाडीत वीजचोरी पकडणारा. गावाकडे मात्र मी 'रेंज आणणारा' होतो, आणि तो गैरसमज दूर करायची मला काही घाई नव्हती.

आमचं गाव फर्दापूरच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. घरात रेंजचा पत्ताच नाही. वैशाखात मी मीटर घेऊन सगळं शेत पालथं घातलं. शेवटी बांधावर एक जागा सापडली, तिथे फर्दापूरच्या टॉवरची रेंज चांगली येत होती. तिथल्या दगडावर चुन्याची फुली मारली, वडिलांच्या हातात माझा जुना मोबाईल ठेवला आणि ऐटीत म्हणालो, "आबा, बाळ झालं की इथं उभे राहा. नातवंडाचं रडणं ऐकवतो तुम्हाला."

पुढे आई माझ्या बायकोच्या बाळंतपणासाठी आमच्याकडे शहरात आली. म्हशींपायी आबा एकटेच मागे राहिले.

पोळ्याला गावी गेलो तर फुलीवर रेंज गायब. वैशाखात शेत उघडं होतं, आता डोक्यापेक्षा उंच मका. ओली पानं लहरी गिळतात, यावर माझ्या प्रबंधात एक सबंध प्रकरण होतं. मोजायला मात्र मी उन्हाळ्यात गेलो होतो.

"मका आड येतोय, आबा. मका निघाला की येईल रेंज."

"आन् बाळ मका निघायची वाट बघल व्हय?"

मी हसून एसटीत बसलो.

गणपतीत मुलगी झाली. मी फोन लावतोय आणि त्यातली बाई सांगतेय, ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. शेवटी रेंजच्या संशोधकाने स्वतःच्या मुलीची बातमी पेढ्यांसकट एसटीने नेली.

आबा फुलीवरच उभे होते, मोबाईल कानाला लावून. त्यांच्या समोरचा मका कापलेला. अजून दाणाही न भरलेली कणसं म्हशींपुढे पडलेली, आणि शेताच्या टोकापर्यंत बैलगाडी जाईल एवढी सरळ वाट.

"हे काय केलं, आबा?"

"तूच म्हनला व्हता ना, मका आड येतो. मंग तुझ्याकडली बाजू मोकळी केली. तरी काय ऐकू आलं नाय."

वाट शहराच्या दिशेने होती. फर्दापूरचा टॉवर त्यांच्या पाठीमागे, आणि त्या बाजूला मका दाट उभा. समजावून सांगायला मी तोंड उघडलं, आणि मिटून पेढ्यांचा पुडा सोडला. एरवी याच विषयावर मला कुणी गप्प करू शकलेलं नाही.

मी पेढा पुढे केला. "मुलगी झाली, आबा."

"रडती का मोठ्यानं?"

"लई मोठ्यानं."

त्यांनी त्या वाटेकडे एकदा नीट पाहिलं.

"मंग इथवर यायला पायजे व्हतं," ते म्हणाले.