मुरुमला न गेलेली गाडी

आईची अट साधी होती. नवी गाडी आधी तुळजापूरला देवीला दाखवायची, त्याशिवाय ती बसणार नाही. मग लोहाऱ्याच्या घरून तिला घेऊन मुरुमला, तिच्या माहेरी जायचं. भावाच्या दारात लेकाच्या गाडीतून उतरायची तिला फार हौस. जन्मभर ती एसटीत उभी राहून माहेरी गेली. म्हणून डिसेंबरातल्या एका पहाटे मी पुण्याहून निघालो.

गाडी माझी लाडकी. निळी, टर्बो, जरा पाय दाबला की पाठ सीटला चिकटते. पण काही महिन्यांपासून तिच्या मध्येच अंगात येतं. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागतात आणि ब्रेकचं पेडल दगड होतं. बंद करून चालू केली की पुन्हा साळसूद! सर्व्हिस सेंटरवाले कॉम्प्युटर लावतात आणि म्हणतात, "सर, एरर काहीच दिसत नाही." या खेपेला त्यांनी ती आठवडाभर ठेवून घेतली, शंभर टक्के ओके म्हणून छातीठोक सांगितलं आणि वर धुऊन दिली. मी काय गाडी धुवायला नेली होती?

सोलापूरपर्यंत रस्ता मस्त आहे. फास्टॅग भरलेला ठेवा आणि जेवण सोलापुरातच उरका, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. मी बुधवारी गेलो, दर्शन लवकर झालं. गुरुजींनी बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं, हार घातला. आईला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "मी सकाळीच नवं लुगडं काढून ठिवलंय बघ."

नळदुर्गच्या अलीकडे उसाची ट्रॉली पुढे होती. मी ब्रेक दाबला आणि पेडल हलेना. गिअर उतरवत गाडी कडेच्या मातीत घातली, ती ट्रॉलीच्या अगदी शेजारी थांबली. ट्रॅक्टरवाला वरून ओरडला, "ओ पाव्हणं, लई घाई हाय का?" नळदुर्गचा किल्ला पाहायचा बेत तिथंच संपला. पुढं लोहाऱ्यापर्यंत गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रखडवत नेली.

आई नवं लुगडं नेसून दारात उभी होती.

"दाखीवली देवीला?"

"दाखवली."

"मग चल की."

"आई, ब्रेक लागत नाहीत. तुला नाही बसवणार मी."

"देवी बगून घील."

"मला नाही बसवायचं."

ती मग अंगणातल्या बंद गाडीत जाऊन बसली. काचेतून समोर बघत, हात मांडीवर ठेवून. मला रडू आलं.

शेवटी शेजारच्या रशीदचाचांची जीप काढली. "भाभी, जीप लई वाजती, पन थांबती," असं म्हणत त्यांनी तिला पुढं बसवलं. मी मागं पोत्यांमध्ये. मुरुमला मामा काठी टेकत वेशीपर्यंत आले होते.

"गाडी कुठंय?"

"दुरुस्तीला हाय," आई म्हणाली. "लई भारी हाय न्हवं, येळ लागतोय."

माझ्या गाडीची बाजू घेणारी तेवढी एकच व्यक्ती.

गाडी ट्रकवर घालून पुण्याला आणली. दहा-बारा दिवसांनी सर्व्हिस सेंटरचा निरोप आला: दोष आढळला नाही, घेऊन जा. विकावी तर दुसऱ्याच्या आईला बसवायची का त्यात? ठेवावी तर माझ्या आईलाही बसवता येत नाही. गाडी घरी आणली, झाकून ठेवली. संध्याकाळी आईचा फोन आला.

"नीट झाली का रं?"

"थोडं थांब, आई."

"थांबते की. मुरुम कुठं पळून चाललंय?"

तिचा गुडघा त्या दिवसापासून जीपमध्येही चढू देत नाही, मामांना नीट दिसत नाही. फोन ठेवून मी खाली गेलो, कव्हर वर केलं आणि शेजारच्या सीटवर, तिच्या जागेवर, बसून राहिलो.