आधी आईला

मुलांनो, आज वॉटफर्डच्या मार्केटमधून पपनस आणलं. पिशवीतून काढताना सालीला नख लागलं, कडवट-गोड वास आला आणि लान आठवली.

लान आमची व्हिएतनामी शेजारीण, ऐंशीच्या दशकात इथे इंग्लंडला निर्वासित म्हणून आलेली. एका हिवाळ्यात तिकडे पुण्यात माझी आई वारली आणि मला जाता आलं नाही. तुमचे आजोबा ऑफिसला, बाबा शाळेत. दिवसभर घरात मी आणि आईचा फोटो. माझं इंग्लिश उत्तम होतं, पण आईविषयी बोलायला कोणी नव्हतं.

एका दुपारी लान पपनस घेऊन आली. मी सुरी आणली, तर तिने माझा हात धरला. "नो. मदर फर्स्ट."

तिने फळ फोटोपुढे ठेवून उदबत्ती लावली. ती विझेपर्यंत खायचं नाही, अशी त्यांची रीत. तोवर हवेत आकार काढत ती गावाकडची फळं सांगत राहिली: फणस, सीताफळ, केसाळ सालीचं रामबुतान.

"युवर मदर, व्हॉट लाइक?"

"पेरू. तिखट-मीठ लावून."

"माय मदर सेम," ती हसली. मग पपनसाच्या फोडी आम्ही तिखट-मीठ लावूनच खाल्ल्या.

लानच्या घरी फळांचं ताट नुसत्या भिंतीपुढे असायचं. स्वतःच्या आईचा फोटोही तिला सोबत आणता आला नव्हता, हे मला फार उशिरा उमगलं. त्या दुपारी ती दोघींच्या आयांसाठी बसली होती.

आज पपनस आजोबांच्या फोटोपुढे ठेवलंय. उदबत्ती विझत आलीय. फळ मोठं आहे, एकटीला संपायचं नाही.