फौजदारांनी विचारलेला अंदाज

फौजदाराला फुटबॉलचं वेड असणं ही फार वाईट गोष्ट आहे.

निदान आमच्या आबांच्या बाबतीत तरी होती.

आबा म्हणजे माझ्या आईचे चुलते. शंभरीला टेकले होते. गेल्या वर्षी आजच्याच दिवशी इस्लामपुरात गेले.

हल्ली मॅचच्या आधी टीव्हीवर चार टायवाले बसतात आणि कोण जिंकणार ते सांगतात. मॅच झाली की तेच चौघं, तसं होणं कसं शक्यच नव्हतं, तेही सांगतात.

बेचाळीसच्या आसपास सांगलीत हे काम आबा एकटे करायचे. बिनटायचे.

आणि त्यांचा अंदाज चुकायचा नाही.

ते तेव्हा कॉलेजात होते, होस्टेलवर राहायचे. स्वतः कधी बॉलला पाय लावला नाही. "पळायला पोरं हायत की. बघायला कोन हाय?" असं म्हणायचे.

पावसाळा ओसरला की कॉलेजांच्या फुटबॉलचा हंगाम. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, शिवाय साताऱ्याचा एक क्लब. बहुतेक पोरं अनवाणी, घोट्याला चिंध्या आवळून खेळायची.

आबा आधीच सगळ्यांची प्रॅक्टिस बघून यायचे आणि जुलैतल्या एका संध्याकाळी मेसच्या ओट्यावर बसून प्रीव्ह्यू द्यायचे.

"कोल्हापूर फेवरिट. पण त्यांचा गोली उंच बॉलला डोळं मिटतोय."

"बेळगाववर पैज लावू नका. मधल्या दोघांचं भांडण झालंय, एकमेकाला पास देत न्हाईत."

"सातारा? पयल्या हाफात वाघ. दुसऱ्या हाफात पाणी मागतोय."

मग पैजा लागायच्या. भडंगाच्या पुड्यापासून मनगटावरच्या घड्याळापर्यंत.

या गर्दीत साध्या कपड्यांत वाळव्याकडचे एक फौजदार येऊन बसायचे. दोन हंगाम आबांच्या शब्दावर पैजा जिंकले होते. येताना साताऱ्याचे कंदी पेढे आणायचे.

फौजदाराचे पेढे खाताना आपण नक्की काय गिळतोय, हे विसाव्या वर्षी कुणाला कळतं?

आबांचा एकच नियम होता. आपल्या संघाचं वर्म सांगायचं नाही.

त्या जुलैत ते एवढंच म्हणाले, "औंदा आपल्यात एक नवा गडी हाय. गणू. म्याचमध्ये अजून कुणी बघितला न्हाई त्याला."

फौजदार हसले. "आमाला तरी सांगा की, आबासाहेब."

"सीझन सुरू होऊ द्या, साहेब."

सीझन सुरू झालाच नाही.

बेचाळीसचा ऑगस्ट उजाडला. कॉलेज बंद पडलं. निम्मा संघ तुरुंगात गेला. गणू तारा तोडून भूमिगत झाला. दिसला तर गोळी घालायची, असं पोलीसच आपसांत बोलत होते.

आबा गावी परतले. गणूचं गाव शेजारचंच.

गणपतीत फौजदार घरी आले. एकटेच. पाटावर मांडी घालून बसले, पेढ्यांचा पुडा पुढं सरकवला.

"काय आबासाहेब, औंदाचा अंदाज?"

"औंदा कुठला खेळ, साहेब?"

"हाय की. एकच म्याच हाय." फौजदारांचा आवाज अगदी घरातल्यासारखा. "तुमच्या त्या नव्या गड्याची आई आजारी हाय म्हनं. येनार तो भेटाया. आता मला सांगा, मागनं कुणी दाबलं तर गडी कुणीकडं वळतोय?"

आबांना गणूचं घर पाठ होतं. मागच्या दारातून उजवीकडं नदीची वाट, डावीकडं ऊस.

फौजदारांकडं माणसं मोजकीच. दोन्ही वाटा अडवायला पुरणार नव्हती.

आणि गणू डाव्या पायाचा. कुणी अंगावर आलं की डावीकडंच वळायचा. समोर भिंत असली तरी.

"बोला की. गप्प बसलाय म्हंजी ठावं हाय तुमाला."

आबांनी पेढा तोंडात टाकला. तोंड भरलेलं असलं की आवाज कापलेला कळत नाही.

"उजवीकडं, साहेब. डावा पाय लय कच्चा हाय त्याचा."

"नक्की?"

"माझ्या शब्दावर कवा हरलाय का तुमी?"

विसर्जनाच्या दिवशी गणू आला. आईच्या उशाशी जेमतेम टेकला, तोवर पुढच्या दारावर लाथ बसली.

तो मागच्या दारानं उडाला. बंदुका सगळ्या नदीच्या वाटेवर.

गणू उसात.

हे सगळं मला गणूआजोबांनीच सांगितलं, मी कॉलेजात असताना. आबा शेजारी बसून सुपारी कातरत होते.

"लेका, आणि मी त्या दिवशी उजवीकडं वळलो असतो तर?" गणूआजोबांनी त्यांना विचारलं.

"तू? ताटातबी डावीकडच्या चटणीपासनं सुरुवात करणारा तू."

दोघंही हसले. मग मी विचारलं, "आणि फौजदार?"

आबा अडकित्ता ठेवून आत निघून गेले.

पुढचं गणूआजोबांनी हळू आवाजात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार आबांच्या दारात उभे. या खेपेला वर्दीत.

"आबासाहेब, अंदाज चुकला तुमचा."

"चुकतोय की, साहेब. मानूस हाय."

फौजदारांनी मान हलवली.

"न्हाई. तुमचा चुकत न्हाई," ते म्हणाले. "चला."

दीड वर्षानं आबा सुटून आले. आत काय झालं ते कुणालाच कळलं नाही. गणूआजोबांनाही नाही.

त्यानंतर त्यांनी कुणाच्याही जिंकण्या-हरण्याविषयी तोंड उघडलं नाही. आम्ही वर्ल्ड कपला खोदून खोदून विचारायचो. "मला खेळातलं काय कळतंय?" म्हणायचे आणि पेपर उलटा करायचे.

आज वर्षश्राद्धाला गणूआजोबांच्या घरची झाडून सगळी माणसं आली होती. मुलं, सुना, नातवंडं, आणि कडेवरचं एक पणतवंड. एवढी पंगत घरात मावेना, शेवटी अंगणात पानं मांडली.

वाढता वाढता आमचे हात दुखले, आबा.

तुम्हाला आम्हा सगळ्यांचा नमस्कार.