अंबुबाईची जूनपर्यंतची मुदत

कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या बाजारामागं नागनाथ शिंप्याचं दुकान होतं आणि दुकानामागंच घर. १९५८च्या संक्रांतीला त्याच्या सहा वर्षांच्या क्षमाला नवा परकर नेसवला, तशी ती किंचाळायला लागली. परकर ओरबाडून तिनं रस्त्यावर धूम ठोकली, ती थेट बससमोर. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला म्हणून पोर वाचली. टोचणारं कापड, मोठा आवाज यांनी ती तान्हेपणापासून अशीच बिथरायची.

त्या दिवशी नागनाथ जेवला नाही. "तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवू," तो बायकोला म्हणाला. "चाकाखाली जाण्यापेक्षा ते बरं."

"जूनपर्यंत थांबा," अंबुबाई म्हणाली. "शाळेत बसली नाही, तर तुम्ही म्हणाल तसं."

ती बोलून बसली खरी, पण करायचं काय ते तिलाही ठाऊक नव्हतं. अंगारे झाले होते, नवस झाले होते. मग एका दुपारी रडून दमलेली क्षमा तिला दुकानात सापडली. खाकी कापडाची जड ठाणं अंगावर ओढून पोर शांत पडली होती. अंबुबाई दारातच थांबली. हिला वजन हवंय, दाब हवाय, एवढं तिला उमगलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं क्षमाला कामाला जुंपलं. रागीचं, म्हणजे नाचणीचं, घट्ट पीठ मळायचं, भिजलेली चादर पिळायची, नळावरून पाण्याची कळशी आणायची. पहिले आठ दिवस पोरीनं पीठ भिरकावलं, आईच्या मनगटाला चावा घेतला. शेजारची कस्तुराबाई हळहळली, "अक्का, पोरीला किती राबवता!" अंबुबाईनं काम थांबवलं नाही. शाळेचा झगा तिनं वीस वेळा धुऊन मऊ केला आणि शिवणी बाहेरच्या बाजूला घेतल्या. नागनाथ बघत होता. त्याच्या त्या बघण्याचीच तिला जास्त धास्ती वाटत होती.

जून उजाडला. क्षमाला वर्गात सोडून अंबुबाई शाळेच्या भिंतीला टेकून उभी राहिली. घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोल पडले आणि आतून ओळखीची किंकाळी आली. ती धावत आत गेली. क्षमा बाकाखाली कान दाबून बसली होती आणि भागीरथी टीचर छडी उगारून उभ्या होत्या.

"मारू नका, टीचर! हिला काहीतरी जड काम द्या. स्वल्प वेळ, एवढंच मागते."

"ही शाळा आहे, अम्मा."

"मुलांना प्यायला पाणी कोण भरतं?"

टीचरनी तिच्याकडं रोखून पाहिलं, मग छडीनंच कोपऱ्यातली घागर दाखवली. अंबुबाईनं लेकीला बाकाखालून काढलं, घट्ट कुशीत धरलं आणि नळावर नेलं. क्षमानं छोट्या बादलीनं सहा खेपा केल्या. सहाव्या खेपेला तिच्या ओठांची थरथर थांबली. ती आपणहून बाकावर जाऊन बसली.

दुपारी नागनाथ फाटकाशी आला. खिडकीतून त्यानं पाटी पुसणारी लेक पाहिली आणि कितीतरी वेळ तो तिथून हलला नाही. इस्पितळाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

क्षमाचं सगळंच काही सुटलं नाही. लग्नाचा बँड वाजायला लागला की ती मोठेपणीही मागच्या खोलीत निघून जायची. पण १९६५ला ती सातवी पास झाली. त्याच वर्षी हेब्बाळ गावची कृष्णवेणी, अंबुबाईनं लेकीला कसं सावरलं ते ऐकून, आपलं रडणारं पोर कडेवर घेऊन त्यांच्या दारात आली. अंबुबाईनं तिला आत बोलावलं आणि विचारलं, "याला अंगाला काय लागलेलं सोसत नाही, ते आधी सांग."