ओली हळद

कजोडीकडे भाजी निवडायची सोय नव्हती. गिऱ्हाइकाने टोपलीकडे हात नेला की ती तो बाजूला सारी आणि विचारी, "घर में कुण-कुण छै?" घरात माणसं किती, खोकला कुणाला, गुडघे कुणाचे धरलेत, हे ऐकून घेऊन ती स्वतःच्या मनाने पिशवी भरी. वर आपण काही बोललो तर ऐकू न आल्यासारखं करी.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या नवऱ्याची, विम्याच्या कचेरीतून, जयपूरला बदली झाली आणि आम्ही बनी पार्कात भाड्याच्या घरात राहायला आलो. हिवाळ्यात आमेरकडच्या खेड्यांतले माळी तिथल्या एका मोकळ्या जागेत आपल्या मळ्यातला माल घेऊन बसत. धुकं उठेपर्यंत बाजारही उठायचा. पहिल्याच दिवशी मी कजोडीकडे गवार मागितली. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी थंडीत आंबा मागितला होता. "अबार कोनी मिलै," ती म्हणाली, आणि पिशवीत मोगरी टाकली. मोगरी म्हणजे आपल्या डिंगऱ्या. गाजरं मागितली तर तीही देईना. "पालो पड़बा द्यो, पछै खाज्यो." हिव पडल्याशिवाय गाजरात गोडी उतरत नाही, हे मला तिने शिकवलं. तिची एक म्हण होती: "बिना रुत को साग, बिना नूंता को पावणो." मोसमाबाहेरची भाजी म्हणजे आमंत्रणाशिवाय आलेला पाहुणा.

तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून हिला उकिरड्यावर ठेवून उचलून घेतलं होतं आणि नाव ठेवलं होतं कजोडी, म्हणजे कचऱ्यातली. आपल्याकडचे धोंडू-दगडू तसेच. हे तिने मला हसत सांगितलं होतं. ती काळीसावळी, हाडापेराने रुंद. ओढणी भुवयांपर्यंत ओढलेली, पायांत जाड मोजडी, दोन्ही हातांत लाखेचा चुडा. मागे भिंतीशी एक वाकलेला माणूस रोज सायकलवरून पोती उतरवी आणि आमच्याकडे पाठ करून बिडी ओढत बसे. असेल कुणी हमाल किंवा भाऊ, असं मी ठरवून टाकलं. तिने मला घरातलं सगळं विचारलं होतं. मी तिला काहीच विचारलं नव्हतं.

तिच्या टोपलीतला मानाचा माल म्हणजे ओली हळद. विहिरीच्या पाण्याच्या वाटेवर तिने एक वाफा लावला होता. मी सांगलीची, हळदीच्या पेठेत वाढलेली. पण हळदीची भाजी करतात हे मला ठाऊक नव्हतं. किसून तुपात लाल होईपर्यंत परतायची, मग दही आणि मटार. गड्डा मोडून, आतला रंग दाखवून तो ती थेट गिऱ्हाइकाच्या हातात कोंबायची. हिवाळाभर तिचे तळहात पिवळे असत. दिवाळीनंतर चढलेला तो रंग होळीपर्यंत जात नसे.

दुसऱ्या हिवाळ्यात संक्रांतीच्या सुगडांसाठी मी तिला ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे सांगितले. गहू अजून निसवला नव्हता, ओंब्या बाहेर पडल्या नव्हत्या, तर तिने पोटरीतलीच ताटं उपटून आणली. हे कशासाठी म्हणून तिने विचारलं. आमच्यात सुहागिणींना हळदीकुंकू लावून वाण देतात, मी म्हटलं. तिचा चेहरा फुलला. "म्हारै भी देवै छै. म्हूं भी आऊं देखबा?"

"आना ना, जरूर," मी म्हणाले. आपण म्हणतो तसं म्हणाले.

ती आली. धुतलेली लाल-पिवळी ओढणी, आणि हातात पानांसकट उपटलेली हळदीची जुडी, मला भेट म्हणून. बैठकीत बँकेतल्या, विम्यातल्या, छावणीतल्या पंधरा-वीस मराठी बायका होत्या. ती सतरंजीच्या कडेला, दाराशी टेकली. मी करंडा घेऊन एकेकीपुढे वाकत तिच्यापर्यंत पोचले. तिने ओढणी मागे सारली आणि चेहरा वर केला. कपाळ स्वच्छ धुतलेलं, मोकळं. गळ्यात काळे मणी नाहीत. माझी बोटं कुंकवात होती. मी ती तशीच ठेवून पुढच्या बाईकडे सरकले.

मग परत येऊन तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि फार गोड हसले. विधवेलाही मान दिला, असं मला वाटत होतं. तिने तिळगूळ पाहिला, ओढणी पुन्हा भुवयांपर्यंत ओढली आणि थोडा वेळ बसून निघून गेली.

बायका गेल्यावर आमच्या घरमालकीणबाई, भाभीजी, थांबल्या. "मालण को टीका क्यों नहीं किया?"

"विधवा है ना."

"विधवा? दोनों हाथों में चूड़ा नहीं देखा? हमारे यहाँ काले मोती कौन पहनता है? उसका आदमी तो रोज़ साइकिल पर छोड़ने आता है, आप जानती तो हैं."

तुमच्या कुंकवासाठी ती कपाळ धुऊन आली होती, असंही त्या म्हणाल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण व्हायचं कशाला? तिचा मळा तासाभराच्या वाटेवर होता, सकाळी ती बाजारात भेटणारच होती. भेटली. नेहमीसारखी बोलली, पालक दिला. मी पैसे देऊन निघाले. माफीपुरतं हिंदी मला येत नाही, असं स्वतःला समजावलं. भावात घासाघीस करायला मात्र ते पुरत होतं. पुढच्या संक्रांतीला पहिलं कुंकू कजोडीला लावायचं, असं ठरवून मी मोकळी झाले.

पुढच्या हिवाळ्यात तिची जागा बरेच दिवस रिकामी होती. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात ती दिसली. डोक्यावर टोपली घेऊन चालत आली होती. ओढणी काथ्या रंगाची, आणि हात मनगटापासून कोपरापर्यंत उघडे. ते हात वाचायला आता मला भाभीजींची गरज नव्हती.

मी न सांगताच तिने ऊस, बोरं, घाटे बांधून ठेवले होते. "थांकी सकरांत छै न," ती म्हणाली.

"इस बार आना, कजोड़ी. मैं खुद लेने आऊँगी."

"अब कांई करबा आऊं, बाईसा." तक्रार नव्हती त्यात. तिने हळदीचा गड्डा उचलला, सवयीने मोडला, आतला केशरी रंग मला दाखवला. मी हात पुढे केला. तिचा हात अर्ध्यावर थांबला. तिने तो गड्डा माझ्या हातात दिला नाही. पोत्यावर, माझ्या बाजूला ठेवला आणि आपला हात मागे घेतला.

वर्षभर आधी मी तिला जे शिकवलं होतं, ते ती आता पाळत होती.

मी तो पिवळा तळहात धरायला हवा होता. तिथेच, चारचौघांत, तिच्या हळदीचं बोट तिच्या कपाळाला लावायला हवं होतं. मागे छावणीतल्या दोघीजणी भाजी घेत होत्या. मी गड्डा उचलला, पिशवीत टाकला आणि "चलती हूँ" म्हणाले.

त्याच उन्हाळ्यात आमची बदली झाली. आता पुण्यात माझ्या हळदीकुंकवाला मी सगळ्याच बायकांना कुंकू लावते, नवरा असो-नसो. लोक कौतुक करतात, सोसायटीने एकदा शालही दिली. कुठून आलं हे धैर्य, असं विचारतात. मी हसून विषय बदलते. जी एकच बाई कुंकू मागायला कपाळ धुऊन माझ्या दारात आली होती, तिला मी ते लावलं नाही. एकदा कळलं नाही म्हणून, आणि एकदा कळूनही.