बारदानावाल्या अप्पांचं फितूर तोंड

"तोंडच फितूर हाय माजं, त्याला मी काय करू?" असं म्हणत अप्पा हातातली पत्त्यांची पानं पोत्यांच्या थप्पीवर टाकायचे आणि खांद्यावरच्या रुमालाने चेहरा पुसायचे, जणू पुसल्याने तो सुधारणार होता. मग चहा सांगायचे. हरेल त्याने चहा पाजायचा हा आमचा नियम होता. चहावाल्याने पत्र्याचं घर पाडून स्लॅब टाकला तो अप्पांच्याच जिवावर, असं आम्ही म्हणायचो.

मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, माझं बियाण्यांचं दुकान आहे. समोर अप्पांचं बारदान्याचं. रिकामी पोती घ्यायची, फाटकी वेगळी काढायची, दाभण-सुतळीने नाहीतर मशीनवर ठिगळं लावायची आणि हंगामात विकायची, हा धंदा अप्पा आणि काकू दोघं मिळून करायचे. घरची शिवपूजा आटोपल्याशिवाय अप्पा शटर वर करत नसत, आणि कपाळावरचे विभूतीचे पट्टे संध्याकाळपर्यंत टिकायचे. दुपारी सौदे संपले की त्यांच्याच पोत्यांवर बसून आमची तीन पत्ती रंगायची.

ज्यांच्या पोटात काही राहत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. अप्पांच्या पोटात राहायचं, पण तोंडावर यायचं. चांगली पानं आली की भुवया वर जायच्या आणि विभूतीचे पट्टे एकमेकांना चिकटायचे. वाईट आली की खालचा ओठ बाहेर. एकदा त्यांनी डोळ्यांपर्यंत रुमाल बांधून खेळून पाहिलं, तर त्या दिवशी कान लाल झाले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. अप्पांची मूठ कधी झाकलीच गेली नाही.

धंदा मात्र याच तोंडावर चालायचा. शेतकरी त्यांच्या दुकानात पोती न मोजता टाकून जायचे. अप्पांनी एखादं पोतं दडवलं तर ते त्यांच्या कपाळावर दिसेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग त्यांच्या मोबाइलवर पोकर आला. भजन ऐकता ऐकता मधे जाहिरात लागली, आणि अप्पांनी बोट ठेवलं. पोकर म्हणजे आपल्या तीन पत्तीचा थोरला भाऊ, असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. समोर कोण बसलंय ते दिसत नाही आणि त्याला आपणही दिसत नाही, याचंच त्यांना भारी कौतुक. सुरुवातीला थोडंफार जिंकलेही. त्या दिवसांत ते ताठ बसायचे. जिंकूनसुद्धा चहा तेच पाजायचे.

पुढे हरू लागले. तेव्हा कुठल्याशा ग्रुपवर त्यांना एक माणूस भेटला. त्याच्याकडे म्हणे असं सॉफ्टवेअर होतं की समोरच्याची पानं आपल्याला दिसतात. अप्पांनी ते विकत घेतलं आणि दुपारपर्यंत आम्हाला कळलंही. कुणी विचारलं नव्हतं. ते नुसते येऊन बसले होते.

मी म्हटलं, अप्पा, ही लबाडी झाली. ते दाभणात सुतळी ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "माजी पानं सगळ्यांनी जलमभर बघितली. येकदा मी बघितली तर काय बिघडलं?"

आम्ही हसलो. काकू हसल्या नाहीत. त्या पोत्याची शिवण उसवत होत्या. म्हणाल्या, "जो दुसऱ्याचं उघडं करून दावायलाय, तो तुमचं झाकून ठेवंल का?"

ते सॉफ्टवेअर बसवताना मोबाइल सारखा काहीतरी विचारत होता. नंबर वाचू द्यायचे का, मेसेज वाचू द्यायचे का, स्क्रीन दाखवायची का. अप्पा दर वेळी 'हो' दाबत गेले. त्यांना माणसालाही कधी नाही म्हणता आलं नाही.

पुढचं मी त्यांच्या चेहऱ्यावर रोज वाचत होतो. चांगली पानं आली की समोरचे सगळे डाव सोडून पळायचे. वाईट आली की तुटून पडायचे. पलीकडच्यांची म्हणून जी पानं दिसत होती ती खोटी होती, आणि अप्पांची खरी पानं मात्र कुणीतरी कुठेतरी बसून निवांत बघत होतं. वर त्या खेळाच्या कंपनीला काय सुगावा लागला कोण जाणे, तिने अप्पांचं खातं बंद केलं. आत होतं ते आतच राहिलं. एवढ्यावर भागलं असतं तर आम्ही त्यांना वर्षभर चिडवलं असतं आणि विसरलो असतो.

एका सकाळी माझ्या मोबाइलवर अप्पांचा मेसेज आला. मी दवाखान्यात आहे, बोलता येत नाही, तातडीने पैसे पाठवा. मी वर पाहिलं. समोर अप्पा पोत्याला ठिगळ लावत बसले होते. क्षणभर मला खरं काय ते कळेना. मग रस्ता ओलांडून गेलो आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मेसेज वाचला. तसा चेहरा मी पुन्हा पाहिला नाही, आणि पाहावा असंही वाटत नाही.

तोवर मेसेज सगळीकडे गेला होता. लोकांनी पैसे पाठवलेही होते. उलटा फोन करून कुणी खात्री केली नाही. अप्पा खोटं बोलूच शकत नाहीत, मग विचारायचं काय? राणीसावरगावचा मेव्हणा तर दवाखाना परभणीचाच असणार म्हणून डबा घेऊन परभणीच्या बसमध्ये बसला होता. वालूरच्या बहिणीकडे बचत गटातल्या बायकांचे पैसे होते, तिने तेच पाठवून दिले. त्या चोरांनी अप्पांचा मोबाइल नेला नाही. त्यांचा शब्द नेला.

पोलिसांत जाताना आमच्यातल्या एकाने त्यांना शिकवलं होतं, लिंक आपोआप आली म्हणून सांगा. अप्पांनी तसं सांगायला तोंड उघडलं. साहेबांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग अप्पांनी सगळं सांगितलं, लबाडी करायला गेलो होतो इथपासून. तक्रार लिहून घेतली गेली. पुढे त्यातून काही निघालं नाही.

पोती शिवायचं मशीन विकून त्यांनी आधी बहिणीचे पैसे फेडले. बाकीच्यांनी नको म्हटलं, तरी हळूहळू त्यांचेही दिले. पण मोंढ्याच्या तोंडाला हात कोण लावणार? याला पत्त्यांचा नाद होताच, कशावरून यानेच मेसेज टाकला नाही, असं कुणीतरी बोललं. मग शेतकरी पोती मोजून ठेवू लागले. अप्पा समोर उभं राहून मोजू द्यायचे. मला तेव्हा राग यायला हवा होता. आला नाही. मी आपला बियाण्यांच्या पिशव्या लावत राहिलो.

अप्पांनी मोबाइल कायमचा सोडला. तेव्हापासून बारीकसारीक निरोपही ते स्वतः जाऊन देऊ लागले. बारशाचं आमंत्रण द्यायला एसटीने वालूर, तेच सांगायला राणीसावरगाव. एकदा रविवारी सकाळी माझ्या घरी आले. मला वाटलं काही बरंवाईट झालं. तर म्हणाले, उद्या दुकान बंद ठेवणार हाय. मी म्हटलं, अहो, एवढ्यासाठी आलात? ते म्हणाले, "तोंड दावून सांगितलेलं बरं. बगून घ्या, मीच हाय." चहाला थांबले नाहीत, अजून बरीच घरं करायची होती.

गेल्या उन्हाळ्यात ते माझ्या दुकानात येऊन बसले. बारीक झाले होते. म्हणाले, नांदेडला पोटाचं आपरेशन हाय, लहानच हाय. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचं काही विचारलं नाही. बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर मागे घेत होतं, ते आम्ही दोघंही बघत बसलो.

"फोन यील," उठताना ते म्हणाले. "नंबर वळखीचा नसंल. पर तेवढा खरा समजा."

हे सांगायला ते बहिणीकडे, मेव्हण्याकडे आणि मोंढ्यातल्या एकेका दुकानात जाऊन आले होते. जे पोती मोजून ठेवायचे त्यांच्याही दारात गेले होते.

फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला तुरीचं बियाणं देत होतो. नंबर अनोळखी, आवाजही अनोळखी. दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर असावा. एवढंच म्हणाला, अप्पा गेले, आम्ही निघालोय. कोण, कुठून, मी काही विचारलं नाही. पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात दिली आणि बाहेर आलो. मोंढ्यात जागोजाग माणसं कानाला मोबाइल लावून उभी होती. मग एकेक शटर खाली येऊ लागलं. खरं आहे का म्हणून कुणीही कुणाला विचारलं नाही.