दीड तासाची नोंद

कोर्टासमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, आणि त्याला खेटून चावीवाल्याची टपरी. त्याला सगळे ‘सबुरी’ म्हणतात. अडलेल्या कुलपाशीसुद्धा तो बोलतो, "सबुरी, बाबा, सबुरी." माझ्या नाकावर कायम राग, त्यामुळे हा शेजार मला फार जड गेला.

त्याची एक वही आहे. कोणाच्या घरी कुलूप उघडायला गेला की त्यात लिहिणार: पत्ता, बिघाड, आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि घरच्या माणसाची सही. सही न घेता कुलूप उघडतो तो चोर, असं त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं होतं.

बायकोशी त्याचं का बिनसलं, हे दोघांच्या कज्ज्यातले नऊ अर्ज टाईप करूनही मला कळलं नाही. टाळी एका हाताने वाजत नाही, एवढंच म्हणेन. मुलगी आठ वर्षांची, ती आईकडे. कोर्टाचा आदेश असा की महिन्यातून दोन शनिवार, अकरा ते एक, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत याने तिला भेटायचं. एरवी घरी जायचं नाही, फोन करायचा नाही. त्या शनिवारी हा शहाणा सकाळी आठलाच दाढी करून टपरीत बसायचा. कधी मुलीला ताप, कधी परीक्षा, आणि भेट बुडायची. मी म्हणायचो, "अरे, आदेश ती पण मोडतेय, तक्रार कर!" तर म्हणे, "मग पोरीला विचारायला बोलावतील. राहू दे."

एका मंगळवारी दुपारी त्याच्या सासूबाईंचा फोन आला. बायको कामावर होती. मुलीने खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं आणि आता चावी फिरत नव्हती. ते कुलूप यानेच बसवलेलं, उलट्या बाजूला फिरणारं, म्हणजे लहानपणी तिने चुकून कोंडून घेऊ नये. मी ओरडलो, "जाऊ नकोस! आधी वकिलाला विचार." तोवर हा पेटी घेऊन निघालासुद्धा.

संध्याकाळी मुलीने आनंदाच्या भरात आईला सगळं सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात आदेश मोडल्याचा अर्ज आला.

त्याचे वकील खुशीत होते. वहीत सासूबाईंची सही होती, आणखी काय हवं? ते पान झेरॉक्सला माझ्याकडे आलं. आल्याची वेळ चार. गेल्याची वेळ साडेपाच. बिघाडाची जागा कोरी.

"अरे मूर्खा, पाच मिनिटांच्या कामाला दीड तास?"

"तिला भागाकार येत नव्हता. बसलो समजावत."

"मग साडेपाचचे साडेचार कर. एका आकड्याचा तर प्रश्न!"

"वहीत खोटं लिहिलं तर मग मी चोरच की," तो म्हणाला. मला इतका संताप आला की मी दोन प्रती वाकड्या काढल्या.

न्यायाधीशबाई वाईट नव्हत्या. दार उघडलं ते ठीक, म्हणाल्या, पण पुढचा दीड तास कशासाठी? आणि कुलपात बिघाड काय होता? हा मान खाली घालून गप्प. सहा महिने भेटी बंद झाल्या. त्याच्या बायकोकडे मी रागाने बघायला गेलो, तर तीही डोळे पुसत होती. मग रागवायचं तरी कोणावर?

तीन आठवड्यांनी दुपारी त्याचा फोन वाजला. सासूबाईच. हा वाजत्या फोनकडे नुसता बघत बसला, म्हणून मी उचलला.

"अहो, पोरगी परत आत अडकलीय. म्हणते, चावी फिरत नाही, बाबांना बोलवा."

मी त्याला सांगितलं. तो उठला, पेटी उचलली, चार पावलं गेला आणि परत येऊन बसला.

"अग्निशामकवाल्यांना कळवू?" मी विचारलं.

"नको. दार फोडतील, घाबरेल ती." मग फार हळू म्हणाला, "तिला उघडता येतं. मीच शिकवलंय. त्या दिवशीही कुलूप चांगलंच होतं."

"मग हे कोर्टात का नाही बोललास?"

"पोरीला खोटारडी ठरवू?"

तो म्हणाला, "त्यांना सांग, बाबा येऊ शकत नाहीत. सबुरी धरा. ती येईल बाहेर."

मी तसं सांगितलं. त्यानंतर त्याने एकाही गिऱ्हाइकाची चावी घासली नाही. मी तीनदा चहा मागवला, तिन्ही गार झाले. सव्वापाचला सासूबाईंचा पुन्हा फोन आला. आली बाहेर, म्हणाल्या, जेवली नाही.

"काही म्हणाली का, विचार," तो म्हणाला.

मी विचारलं.

"चावी माझ्या हातात दिली," सासूबाई म्हणाल्या. "म्हणाली, आजी, ही ठेवून दे. आता नको मला."